सीट कोणाची? फॉर्म्युला ४ च्या हंगामाकडे बीडमधून पाहताना

३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ या दोन रात्री चेन्नई शहरातला भर वस्तीतला रस्ता बंद करून, त्याच्या दोन्ही बाजूंना भिंती उभारून आणि वर दिव्यांचा झगमगाट करून त्यावर मोटारी पळविण्यात आल्या. आयलंड ग्राउंड्सभोवतीचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा हा फेरा. निमित्त होते फॉर्म्युला ४ इंडियन चॅम्पियनशिपच्या त्या हंगामातल्या एका फेरीचे. देशातल्या मोठ्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छायाचित्रे छापली. भारत वेगवान झाला, असे अग्रलेखी सूर निघाले. आपल्या चळवळीच्या पत्रांनी या विषयाकडे पाहिलेही नाही, आणि त्यात आश्चर्यही नाही. अत्याचाराच्या बातम्यांनीच ज्यांची पाने भरतात, त्यांना शर्यतीच्या मोटारींचे काय कौतुक असणार? तरीही आज या विषयावर लिहितो आहे. कारण या खेळात एक शब्द वारंवार येतो आणि तो आपल्या फार ओळखीचा आहे. तो शब्द म्हणजे 'सीट'.

फॉर्म्युला ४ म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. एकाच माणसाला बसता येईल अशी, चाके उघडी असलेली, जमिनीला जवळजवळ चिकटलेली ही मोटार. जागतिक संघटनेने हा वर्ग तयार केला तो लहान मुलांसाठी. वयाच्या पंधराव्या वर्षी यात उतरता येते. ही पहिली पायरी. त्यावर फॉर्म्युला ३, त्यावर फॉर्म्युला २ आणि शिखरावर फॉर्म्युला १. शिखरावर जायचे तर 'सुपर लायसन्स' लागते, त्यासाठी तीन वर्षांत ४० गुण जमवावे लागतात आणि फॉर्म्युला ४ ची एखादी स्पर्धा जिंकली तर त्यातले १२ गुण पदरात पडतात. म्हणजे ही चक्क शिडी आहे. नियम लिखित आहेत, गुण ठरलेले आहेत, घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते. कागदावर पाहिले तर यापेक्षा गुणवत्तेचा शुद्ध खेळ दुसरा नाही. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून आपल्या राखीव जागांविरुद्ध बोंबा मारणाऱ्यांना हा खेळ फार आवडायला हवा.

भारतातली ही स्पर्धा २०२२ मध्ये व्हायची होती, ती २०२३ मध्ये सुरू झाली. फ्रान्सच्या मिगाल कंपनीच्या मोटारी, सर्वांना सारख्या. २०२३ चा विजेता ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर. २०२४ चा हंगाम ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सुरू झाला, कोइम्बतूरला जाऊन नोव्हेंबरात संपला, आणि विजेता ठरला दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई. संघ आठ, त्यांना शहरांची आणि राज्यांची नावे. मालकांत सिनेमाचे नट आणि क्रिकेटचे माजी कर्णधार. गोव्याचा संघ जॉन अब्राहम यांचा. त्या वर्षी मुंबईच्या किंवा पुण्याच्या नावाचा संघ नव्हता. मग बीडचे नाव कोण घेणार?

बीडमध्ये नोव्हेंबरात एक हंगाम संपत नाही, सुरू होतो. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रॅक्टर वस्तीवर येतात. उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा एक कोयता धरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. भांडी, शेळी, म्हातारी आणि पोरे ट्रॉलीत. मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत मुक्काम. तिथेही वर्गवारी आहेच. डोकी सेंटर वेगळे, टायर सेंटर वेगळे. डोक्यावर मोळी वाहून ट्रक भरणारे एक, बैलांच्या टायरगाडीने ऊस कारखान्यावर नेणारे दुसरे. आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना 'टायर' हा शब्द आधी इथे कळतो.

अशाच एका घरातल्या पोराने गेल्या वर्षी वस्तीतल्या अभ्यासिकेत मला गाठले. वय सोळा-सतरा. आई-वडील तोडीला, हा चुलत्याकडे राहून गॅरेजवर काम करणारा, सकाळी शाळा आणि दुपारनंतर पान्हा. मोबाईलवर या शर्यती पाहून त्याला सगळ्या गाड्यांची, सगळ्या चालकांची नावे पाठ. मला म्हणाला, "जयभीम वकीलसाहेब. त्या फॉर्म्युलाच्या गाडीत बसायचं तर कोणता फॉर्म भरावा लागतो?"

शेजारची पोरे हसली. मला हसू आले नाही. आपल्या समाजात वर जाण्याचा प्रत्येक रस्ता फॉर्म भरूनच गेलेला आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाचा फॉर्म, पोलीस भरतीचा फॉर्म, लोकसेवा आयोगाचा फॉर्म. फॉर्मला जातीचा दाखला जोडायचा, जात पडताळणीचे हेलपाटे घालायचे, पण शेवटी त्या फॉर्मच्या पलीकडे एक जागा असते आणि ती जागा संविधानाने दिलेली असते. बाबासाहेबांनी आपल्याला ही सवय लावली, आणि ती चांगली सवय आहे. त्या पोराला वाटले, इथेही तसेच असेल.

फॉर्म असतो. चेन्नईच्या मोटर स्पोर्ट्स फेडरेशनकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, तो काही फार अवघड नाही. पण परवाना म्हणजे सीट नव्हे. सीट विकत घ्यावी लागते. संघ गाडी देतो, मेकॅनिक देतो, टायर देतो आणि चालकाकडून त्याचे पैसे घेतो. चालक ते पैसे बापाकडून आणतो किंवा बापाच्या ओळखीच्या उद्योगपतीकडून आणतो. युरोपातल्या एका फॉर्म्युला ४ हंगामाला काही लाख युरो पडतात. आणि इथवर येण्याआधी सात-आठ वर्षांचा असल्यापासून कार्टिंग केलेले असावे लागते. कार्टचा खर्च वेगळा, टायरचा वेगळा, ट्रॅकचे भाडे वेगळे. घड्याळ हजाराव्या सेकंदापर्यंत मोजते हे खरे, पण ते कोणाच्या हजाराव्या सेकंदाला मोजते? जो ट्रॅकवर येऊ शकला त्याच्या. जो फाटकाबाहेर राहिला त्याचा वेग किती, हे मोजणारे घड्याळ अजून कोणी बनवलेले नाही.

महाराष्ट्रातून जे या खेळात पुढे गेले त्यांच्याकडे पाहा. मी त्यांच्या कर्तृत्वाला कमी लेखत नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या वर गाडी काबूत ठेवणे हे बापाच्या पैशाने होत नाही. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेतून निवडल्या गेलेल्या तीन मुलांपैकी एक. पुढे २०१९ मध्ये फॉर्म्युला ३ च्या जागतिक स्पर्धेत तिसरा आला, २०२० ते २०२३ फॉर्म्युला २ मध्ये राहिला. फॉर्म्युला १ ची सीट त्यालाही मिळाली नाही. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये उतरले. ते खासदार धनंजय महाडिक यांचे चिरंजीव. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, म्हणून तिथली मुले निघतात. ज्या करवीर नगरीत राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याच नगरीतल्या या नव्या सीटांकडे वस्तीतल्या पोराने पाहायचे ते कुंपणाबाहेरूनच.

कोणी म्हणेल, खासगी पैशाचा खेळ आहे, खेळू द्या त्यांना, तुमच्या पोटात का दुखते? युक्तिवाद ऐकायला बरा आहे, फक्त तो खरा नाही. चेन्नईच्या त्या शर्यतीसाठी तमिळनाडू शासनाने सार्वजनिक तिजोरीतून चाळीस कोटींहून अधिक रुपये लावले. शर्यत मुळात डिसेंबर २०२३ मध्ये होणार होती, मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेले म्हणून ती पुढे ढकलली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. हैदराबादेत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी विजेवरच्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत हुसेन सागरच्या काठाने झाली. तलावात तथागतांची मूर्ती उभी, त्याच काठावर त्यानंतर दोनच महिन्यांनी, १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या १२५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. त्या शर्यतीच्या दुसऱ्या पर्वासाठी परदेशी कंपनीला दिलेल्या सुमारे ५५ कोटींवरून डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणाच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव यांच्यावर गुन्हा नोंदविला. आरोप त्यांनी नाकारले आहेत, खरेखोटे न्यायालय ठरवील. मुद्दा एवढाच की पैसा खासगी नाही. रस्ता सरकारी, पोलीस सरकारी, पैशाचा मोठा हिस्सा सरकारी. खासगी आहे ती फक्त सीट.

आणि ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकबद्दल आपण गप्प राहून कसे चालेल? त्याचे नावच बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातला म्हणून बुद्ध. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला पहिल्या शर्यतीचा चषक बहनजींनी विजेत्या वेटेलच्या हातात दिला. त्या दिवशी अनेक कार्यकर्त्यांची छाती फुगली होती. एका दलित स्त्रीच्या हातून जगातल्या सर्वांत श्रीमंत खेळाचा चषक दिला जातो, हे दृश्य लहान नव्हते, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांना त्यातले काही कळले नव्हते. पण तिकीट होते अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. सरावाच्या पहिल्याच सत्रात एक भटका कुत्रा ट्रॅकवर शिरला आणि सगळ्या गाड्या थांबवाव्या लागल्या. विनातिकीट आत जाणारा तोच एक असावा. शर्यती २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच झाल्या. २०२० मध्ये यमुना एक्स्प्रेस वे प्राधिकरणाने त्या क्रीडानगरीला दिलेल्या एक हजार हेक्टर जमिनीचे वाटप थकबाकीपोटी रद्द केले.

या ट्रॅकवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तो वकील म्हणून मला फार रंजक वाटतो. शर्यत भरविणारी परदेशी कंपनी म्हणाली, आम्ही वर्षातून तीन दिवस येतो, आमचे भारतात 'कायम ठिकाण' कसले, आम्हाला कर लागत नाही. २४ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने सांगितले, त्या दिवसांत ट्रॅकवर ताबा तुमचाच होता, तेव्हा हे तुमचे कायम ठिकाणच, कर भरा. निकाल योग्य आहे. पण तो वाचताना माझ्यासमोर आमच्या जिल्ह्यातले गायरानधारक उभे राहिले. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून ज्यांनी पडीक गायरान फोडले, दगड वेचले, बाजरी-तूर पिकवली, ते तीस-चाळीस वर्षे कसूनही सातबाऱ्यावर 'अतिक्रमणधारक'. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. त्याचे दाखले जोडून आजही तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तीन दिवसांचा ताबा कायम, आणि दोन पिढ्यांचा ताबा बेकायदा!

वयाचाही मुद्दा आहे. पंधरा वर्षांचा मुलगा बंद ट्रॅकवर रीतसर परवाना घेऊन शर्यतीची मोटार चालवतो, त्यात गैर काही नाही; तिथे डॉक्टर असतो, अग्निशमन असते, डोक्यावर संरक्षक कमान असते. रस्त्यावर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. कायदा सर्वांना सारखा. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देश संतापला तेव्हा कुठे पुढची चक्रे फिरली. उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर हाकणारे वस्तीतले सोळा वर्षांचे पोर पकडले गेले तर त्याला निबंध सांगितला जाईल, असे मला माझ्या वकिलीच्या अनुभवावरून तरी वाटत नाही.

मग त्या पोराला मी काय सांगितले? सोपे उत्तर तयार होते. बाबा रे, चालक नाही तर मेकॅनिक हो. आयटीआयला मोटर मेकॅनिकला जा. शक्य झाले तर डिप्लोमा कर, अभियांत्रिकीला जा. अभियांत्रिकीची मुले स्वतः एका सीटची शर्यतीची गाडी बनवतात. कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत आणि बुद्ध सर्किटवर सुप्रा नावाच्या स्पर्धा होतात, त्यांत महाराष्ट्रातली महाविद्यालये उतरतात. हा रस्ता खरा आहे, राखीव जागा तिथवर पोहोचवते. पण माझी जीभ अडखळली. कारण गाडी त्यांनी चालवायची आणि चाक आपण बदलायचे, ही वाटणी आपल्याला नवी नाही. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच फाळणी आहे, ही मांडणी बाबासाहेबांनी १९३६ मध्येच करून ठेवली आहे. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात पळवणकर बाळू या चर्मकार तरुणाला असेच कामाला ठेवले होते. खेळपट्टी सांभाळ, जाळ्यात साहेबांना तासन्‌तास चेंडू टाक, पण बॅट हातात घ्यायची नाही. त्या चेंडू टाकण्यातूनच देशातला सर्वोत्तम फिरकी गोलंदाज तयार झाला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाले, तेही भांडणानंतर. चेंडू तरी स्वस्त होता. शर्यतीच्या गाडीला 'नेट' नसते.

लुईस हॅमिल्टनचे उदाहरण लोक देतात. कृष्णवर्णीय घरातला मुलगा, बाप एकाच वेळी अनेक नोकऱ्या करून कार्टिंगचा खर्च भागवायचा, तेराव्या वर्षी मॅक्लारेन कंपनीने हात दिला आणि पुढे तो सात वेळा जगज्जेता झाला. पण हॅमिल्टनने स्वतः काय केले ते आमचे लोक सांगत नाहीत. आपण एकटे पोहोचलो यावर तो खूश राहिला नाही. त्याने आयोग नेमायला लावला. २०२१ मध्ये त्या आयोगाने अहवाल दिला की फॉर्म्युला १ मध्ये काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीय एक टक्काही नाहीत, आणि शाळेपासून कुठे कुठे ते गळतात हे दाखवून दिले. भारतात असा जातवार अहवाल कोणत्या खेळाच्या संघटनेने काढला आहे? सरकारी पैसा घेताना ज्यांचा हात पुढे येतो, त्यांना हा आकडा विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

आता आमच्याच जिल्ह्याकडे येतो. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. कष्टकरी आई-बापाचा मुलगा, शाळा सहा किलोमीटरवर, जाणे-येणे पायी आणि पळत. बारावीनंतर सैन्यात भरती झाला, आणि कोणत्या पलटणीत? पाचव्या महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला. सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत त्याचे पाय ओळखले गेले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाची मक्तेदारी मोडून रौप्य, २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, आणि त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी. १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिलेली ही रेजिमेंट बाबासाहेबांच्या पाठपुराव्याचे फळ. आज तिच्यात सर्व जातीधर्मांचे जवान आहेत. आपण लढून उघडलेल्या दारातून सगळ्या बीडचा पोरगा जगापुढे गेला. हे सांगताना मला कमीपणा नाही, अभिमान आहे. दार उघडे असले की काय होते, ते यातून दिसते.

साबळेला लागले काय? पाय, रस्ता आणि त्याचा वेग मोजणारा एक माणूस. तेवढे तरी आमच्या अकरा तालुक्यांत आहे का? बीडला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडले; मागणी करणाऱ्यांच्या दोन पिढ्या तिची वाट पाहत गेल्या. तालुका क्रीडा संकुलांच्या इमारती आणि त्यांची कुलुपे मी पाहिली आहेत. राज्याने बैलगाडा शर्यतीसाठी २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, वकिलांची फौज घेऊन सर्वोच्च न्यायालयात लढला आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाकडून शिक्कामोर्तब करून घेतले. बैल कोणाचे, दावण कोणाची, हे सांगायला नको. त्या तत्परतेचा दहावा हिस्सा क्रीडा संकुलाची कुलुपे उघडण्यात दिसला असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

मी त्या पोराला दोन्ही गोष्टी सांगितल्या. मेकॅनिक नक्की हो, पण चालकाच्या सीटवरचा हक्क सोडल्याचे कुठेही लिहून देऊ नकोस. तो म्हणाला, "म्हणजे फॉर्म नाहीच." मी म्हटले, एक आहे. माहितीच्या अधिकाराचा.

तो अर्ज आम्ही तयार केला आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे मागितले आहे ते असे की प्रत्येक तालुक्याच्या क्रीडा संकुलावर गेल्या दहा वर्षांत किती खर्च झाला, त्यात अनुसूचित जाती घटक योजनेचा निधी किती, प्रशिक्षकांची किती पदे मंजूर आणि किती रिकामी, आणि आज त्या मैदानाची किल्ली कोणाकडे असते. दुसरा अर्ज समाजकल्याण खात्याकडे. अनुसूचित जातीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला अशा राष्ट्रीय स्पर्धेची गाडी बनविण्यासाठी वर्गणी भरावी लागते, तिला कोणत्या योजनेतून साहाय्य मिळते, आणि बार्टीने त्याबाबत काही ठरविले आहे काय. कलम ६ (१) खाली साध्या कागदावर अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नको, पण दाखल्याची प्रत जोडावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर कलम १९ (१) खाली पहिले अपील. आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी अशा सर्व तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या नावाने अर्ज टाकावेत आणि पोच जपून ठेवावी. बीडचा अर्ज त्या पोराच्या हस्ताक्षरात आहे. अक्षर वाईट आहे, पण वाचता येते.